बासा माशाचे काप व परदेशची कसोटी

मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत 'बासा' म्हणून जे बिनकांट्याचे पांढरे काप मिळतात, त्या माशाचें मोठें आगर व्हिएतनामांत मेकाँग नदीच्या मुखाकडील प्रदेशांत आहे. तेथील शेतकरी नदीकांठीं तळीं खणून तो पाळतात. हा मासा पाण्यावर तोंड काढून हवा घेऊं शकतो, म्हणून दाटींतही तगतो. परंतु दाटी झाली कीं रोग आला, व रोगामागून औषध आलें. विक्रीची खरी अडचण येथूनच सुरू होते.

मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग बुरशीवर गुणकारी व स्वस्त. पण त्याचा अंश मांसांत दीर्घकाळ राहतो. व्हिएतनामांतही त्यास बंदी आहे. युरोपांत नोव्हेंबर २०२२ पासून किलोमागें अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन हजार टन मांसांत एक ग्रॅम, इतका अंश आढळला तरी माल बाद ठरतो.

अमेरिकेचें प्रकरण अधिक गुंतागुंतीचें. मिसिसिपी वगैरे संस्थानांत 'कॅटफिश' पाळणारे शेतकरी पुष्कळ. स्वस्त परदेशी काप येऊं लागतांच २००२ च्या कायद्यानें अमेरिकन कुळाबाहेरील माशांस तें नांव लावण्याची मनाई झाली. २००३ मध्यें जादा जकात बसली. २०१६ मध्यें तपासणी कृषिखात्याच्या मांसतपासणी शाखेकडे गेली, आणि २ ऑगस्ट २०१७ पासून आयात मालाच्या प्रत्येक खेपेची फेरतपासणी सुरू झाली. यांत खाणाराचें हित किती व स्वदेशी मत्स्योत्पादकाचें किती, हें वेगळें काढणें आम्हांस कठीण वाटतें. तथापि कुरकुर करून माल खपत नाहीं. आपली तपासणीव्यवस्था अमेरिकेच्या तोडीची आहे, हें व्हिएतनामास सिद्ध करावें लागलें. ती मान्यता नोव्हेंबर २०१९ मध्यें मिळाली.

अशा व्यवस्थेचें मूळ तळ्यावरील वहींत असतें : बोटुकली कोठून आणली, खाद्य कोणतें, औषध कोणत्या दिवशीं दिलें, त्यानंतर किती दिवसांनीं मासा काढला. आमचें आयुष्य दप्तरांत गेलें; एका बैठकींत मागाहून भरलेली वही शाईवरूनच ओळखूं येते. आमच्याकडील द्राक्षें २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळें युरोपांत अडकलीं, तेव्हां बोभाटा बंदरावर झाला. रसायन मात्र बागेंतच पडलें होतें.

परत आलेल्या मालाचें नुकसान कारखानदार सोसतो, असें वरवर दिसतें. पण तो खरेदी थांबवितो, तेव्हां तळ्यांतील मासा थांबत नाहीं. तो रोज खाद्य खातो, कारखान्यास हव्या त्या वजनापलीकडे वाढतो, आणि अशा वाढलेल्या माशास भाव कमी मिळतो.