मोटारविमा, क्वचित वापरातील गाडीचा

मोटारविमा, क्वचित वापरातील गाडीचा : कुटुंबातील दुसऱ्या, विशेष वापरात नसलेल्या खाजगी मोटारगाडीचा विमा व त्या अनुषंगाने उद्‌भवणारे मालकीचे प्रश्न. नवी गाडी घेतल्यावरही न विकलेली जुनी गाडी, परगावी नोकरीस गेलेल्या मुलाची गाडी किंवा वडिलांच्या मृत्यूनंतर अंगणात उभी राहिलेली गाडी ही याची नेहमीची उदाहरणे होत. अशा गाडीचा विमा ‘ती चालवतोच कोण’ या विचाराने पुष्कळदा खंडित होऊ दिला जातो. कायद्याच्या दृष्टीने हा विचार धोक्याचा आहे.

भारतात मोटारविम्याची सक्ती १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या आठव्या प्रकरणाने आली; ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. १ जुलै १९८९ पासून त्याची जागा १९८८ च्या अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम १४६ नुसार त्रयस्थाच्या जोखमीचा विमा असल्याखेरीज कोणतेही वाहन सार्वजनिक स्थळी वापरता येत नाही. २०१९ च्या सुधारणेनुसार पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रु. दंड अथवा दोन्ही, व पुढील अपराधास ४,००० रु. दंड अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम मात्र खऱ्या जोखमीच्या मानाने नगण्य म्हणावी लागेल. अपघातात मनुष्य दगावल्यास नुकसानभरपाईची लाखो रुपयांची रक्कम विम्याच्या अभावी मालकाच्याच मालमत्तेतून वसूल होऊ शकते.

‘वापर’ व ‘सार्वजनिक स्थळ’ हे दोन शब्द येथे कळीचे आहेत. लोकांना प्रवेशाचा हक्क असलेली कोणतीही जागा सार्वजनिक स्थळ ठरते. त्यामुळे घरासमोरच्या रस्त्याच्या कडेला महिनोन् महिने उभी असलेली गाडी तिच्यात मोडते. उभी गाडी वापरात आहे काय, हा प्रश्न सातारा जिल्ह्यातील एका दुर्घटनेतून सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकशी टक्कर होऊन कलंडला. सांडलेल्या पेट्रोलचा सुमारे चार तासांनी भडका उडून तेथे जमलेल्यांपैकी अनेक जण मृत्यू पावले. टँकर त्या वेळी हलण्याच्या स्थितीतही नव्हता; तरीही वाहनाच्या ‘वापरा’तूनच हा अपघात उद्‌भवला असून या शब्दाचा अर्थ व्यापक घेतला पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने १९९१ मध्ये दिला.

त्रयस्थ जोखमीचा हप्ता कंपनी ठरवीत नाही. तो शासननियंत्रित असतो. खाजगी गाड्यांसाठी तो एंजिनाच्या क्षमतेवरून ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० घ.सेंमी.पर्यंतच्या गाडीस २,०९४ रु., १,००० ते १,५०० घ.सेंमी.च्या गाडीस ३,४१६ रु. आणि त्याहून मोठ्या गाडीस ७,८९७ रु. असा वार्षिक हप्ता ठरविण्यात आला. वर्षाकाठी पाचशे किमी. चालणारी व वीस हजार किमी. चालणारी गाडी यांत त्याने भेद केलेला नाही. कमी वापर करणाऱ्यास हे अन्यायाचे वाटते आणि ते वाटणे अगदीच निराधार नाही.

मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या हानीचा विमा ऐच्छिक असून त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांवर सोपविण्यात आले. वापरानुसार सवलतीस वाव आहे तो येथेच. २००२ च्या ‘इंडिया मोटर टॅरिफ’मध्ये गाडी सलग दोन महिने वा अधिक काळ गॅरेजमध्ये बंद ठेवली जाणार असल्यास, कंपनीस आगाऊ कळविण्याच्या अटीवर, त्या काळापुरत्या हप्त्याचे श्रेय देण्याची सोय होती, त्या अवधीत आग, चोरी यांसारख्या जोखमींपुरते संरक्षण चालू राही. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने चालविलेल्या अंतरानुसार हप्ता आकारण्यास, तसेच एकाच व्यक्तीच्या अनेक गाड्यांसाठी सामाईक ‘फ्लोटर’ विमापत्रास संमती दिली. तथापि गाडी उभी असली म्हणजे जोखीम संपते असे नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईत पाण्याखाली गेलेल्या गाड्यांत उभ्या गाड्यांचाही समावेश होता. उलट, न वापरण्यामुळेच होणारी हानी, म्हणजे उतरलेली बॅटरी, चिरलेले टायर, गंजलेले भाग, ही झीज व यांत्रिक बिघाड यांत मोडत असल्याने सर्वसाधारण विमापत्रात भरून मिळत नाही.

विमा खंडित होऊ देण्याचा आणखी एक तोटा सहज लक्षात येत नाही. दावा न केलेल्या वर्षांगणिक २० पासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत, विमापत्राची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न झाल्यास लयास जाते. ही सवलत गाडीची नसून विमेदाराची असते. म्हणून जुनी गाडी विकल्यास ती नव्या गाडीच्या विमापत्रास जोडता येते, मात्र एकच सवलत एकाच वेळी दोन गाड्यांवर घेता येत नाही. मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमाही व्यक्तीशी निगडित आहे. तो १ जानेवारी २०१९ पासून स्वतंत्रपणे घेता येऊ लागला व अनेक गाड्यांच्या मालकास एकदाच पुरतो. दुसरी गाडी पत्नीच्या नावे घेण्याचा प्रघात सर्वत्र दिसतो. परंतु तसे केल्यास कायद्याच्या दृष्टीने मालक दोन होतात, पत्नीकडे चालक-अनुज्ञप्ती असल्यास तिचा अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो आणि फ्लोटरची सोयही उरत नाही.

मालक म्हणजे कोण, याचे उत्तर १९८८ च्या अधिनियमाने १९३९ च्या मानाने अधिक काटेकोरपणे दिले. ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी आहे तो मालक. अज्ञान व्यक्तीच्या बाबतीत तिचा पालक. आणि भाडेखरेदी, भाडेपट्टा किंवा नजरगहाण यांच्या कराराखालील वाहनाच्या बाबतीत त्याचा प्रत्यक्ष ताबा असणारा. गाडी विकून पैसे घेतले व चाव्या दिल्या की व्यवहार संपला, हा समज म्हणूनच चुकीचा होय. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांतून गेली होती. नोंदणी मात्र पहिल्या विक्रेत्याच्याच नावे राहिली. अपघाताच्या भरपाईसाठी न्यायालयाने त्यालाच जबाबदार धरले, कारण भरपाई मागणाऱ्याने विक्रीच्या साखळीचा माग काढीत बसावे हे अधिनियमास अभिप्रेत नाही. विक्रेत्याने हस्तांतरण १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते. विम्याचे हस्तांतरण त्रयस्थ जोखमीपुरते आपोआप झाल्याचे मानले जाते. गाडीच्या हानीच्या विम्यास ही सोय लागू नाही, हे १९९६ च्या निर्णयाने स्पष्ट झाले. तो खरेदीदाराने कंपनीकडून आपल्या नावे करून घ्यावा लागतो.

उभ्या गाडीचा आप्तेष्टांकडून उसना वापर हा तर नित्याचाच प्रकार. गाडी मागून नेणारा तिच्या संदर्भात मालकाच्याच जागी उभा राहतो, त्यामुळे तो स्वतः जखमी वा मृत झाल्यास त्याला अथवा वारसांना त्रयस्थ म्हणून भरपाई मागता येत नाही, असे २००९ च्या निर्णयात म्हटले आहे. मालकाचा मृत्यू झाल्यास विमापत्र तत्काळ रद्द होत नाही. ते तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर टिकते. वारसानेही मृत्यूची वर्दी ३० दिवसांत व हस्तांतरणाचा अर्ज तीन महिन्यांत द्यावयाचा असतो. शोकाच्या दिवसांत ही मुदत कशी निघून गेली हे घरच्यांना बहुधा नूतनीकरणाच्या वेळीच कळते. २०२१ पासून नोंदणीपत्रात नामनिर्देशनाची सोय झाल्याने ही अडचण काहीशी कमी झाली आहे.

ब्रिटनमध्ये २०११ पासून सक्ती ‘वापरा’ऐवजी नोंदणीशी जोडण्यात आली. गाडी रस्त्यावर ठेवणार नसल्याचे अधिकृत निवेदन केल्याखेरीज नोंदलेल्या प्रत्येक गाडीस विमा सदैव असावा लागतो. यूरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये पोर्तुगालमधील एका प्रकरणात असाच विचार मांडला. प्रकृतीमुळे गाडी चालविणे सोडलेल्या एका स्त्रीची गाडी घराच्या आवारात विम्याविना उभी होती. २००६ मध्ये मुलाने ती न विचारता नेली आणि अपघातात तो व दोघे सहप्रवासी मरण पावले. नोंदणी रद्द न केलेली व चालू स्थितीतील गाडी खाजगी जागेत उभी असली तरी तिचा विमा आवश्यक होता, असे न्यायालयाने ठरविले. सहप्रवाशांच्या वारसांना दिलेली भरपाई त्या स्त्रीकडून वसूल करण्यासाठी तेथील हमी निधीने हा दावा लावला होता. [→ विमा]