चेहरा बदलला, सूर कोण बदलणार?

२०२२ च्या फेब्रुवारीत सोनी पिक्चर्सने 'शक्तिमान'वर चित्रपट काढण्याची घोषणा केली. पुढे मुख्य भूमिकेसाठी रणवीर सिंग यांचे नाव चर्चेत आले आणि २०२४ मध्ये मूळ शक्तिमान मुकेश खन्ना यांनी त्या नावाला जाहीर विरोध केला. मग एकच वाद रंगला : शक्तिमान कोण होणार? आमच्या राजारामपुरीत त्या मालिकेवर वाढलेली पिढी आता चाळिशीकडे झुकली आहे. तिलाही हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मात्र नवा शक्तिमान मुलांना काय शिकवणार, हे फारसे कोणी विचारत नाही. आम्हाला नेमके तेच विचारायचे आहे.

नट बदलला की मालिका बुडते, ही समजूत खरी नाही. 'शक्तिमान' १९९७ पासून २००५ पर्यंत दूरदर्शनवर चालली. त्यातील बातमीदार गीता विश्वासची भूमिका सुरुवातीला किटू गिडवानी करीत होत्या. नंतर ती वैष्णवी महंत यांच्याकडे आली. म्हणून मालिका थांबली नाही. इंग्लंडच्या बीबीसीने तर नट बदलण्यालाच कथेचा नियम केला. 'डॉक्टर हू' ही मालिका १९६३ साली सुरू झाली. १९६६ मध्ये नायकाची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल गेले आणि पॅट्रिक ट्राउटन आले, तेव्हा हा परग्रहावरचा डॉक्टर मरणाच्या दारात नवे शरीर धारण करतो, अशी युक्ती लेखकांनी काढली. पुढे अर्धशतकानंतर त्याच भूमिकेत जोडी व्हिटेकर ही स्त्री आली आणि त्यानंतर रवांडात जन्मलेला कृष्णवर्णीय नट शुटी गात्वा आला. चेहरा बदलतो, मालिका टिकते. प्रश्न आहे तो तिच्या सुराचा.

'शक्तिमान'चा सूर काय होता? नायकाला शक्ती मिळते ती सूर्यांशी ऋषींकडून, कुंडलिनी जागृत करून आणि पंचमहाभूतांतून. आणि शास्त्रज्ञ कोण? तर डॉक्टर जॅकाल, म्हणजे खलनायक तमराज किल्विषचा हस्तक! नायकाचे रोजच्या जगण्यातले नाव पाहा : पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. हे शास्त्रीबुवा विनोदी दाखवले आहेत, हे आम्हाला मान्य आहे. तरीही जगाला वाचवणारा माणूस वेष पालटून सामान्यांत मिसळतो, तेव्हा तो कांबळे, कुंभार किंवा नदाफ होत नाही, शास्त्रीच होतो. "अहो, मुलांच्या करमणुकीत जात कशाला शोधता?" असे कोणी म्हणेल. आम्ही शोधली नाही; ती लेखकाने नावातच लिहून ठेवली आहे.

त्या काळात शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या होत्या. अनुकरण करू नका, असे मुलांना सांगण्यात आले. भागाच्या शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' या नावाने चार चांगल्या सवयीही शिकवल्या जात. ते चांगलेच होते. पण 'उडी मारू नकोस' हा झाला उपदेश. माणूस उडत का नाही, हे समजावून सांगायला विज्ञान लागते आणि विज्ञान तर त्या मालिकेत खलनायकाच्या प्रयोगशाळेत बसले होते!

आता अमेरिकेकडे पाहू. १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक'मध्ये निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री अंतराळयानावरची अधिकारी होती. पहिल्या पर्वानंतर तिने मालिका सोडायचे ठरवले होते. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबवले, असे तिनेच पुढे सांगितले आहे. मोलकरीण नव्हे, तर बरोबरीची अधिकारी म्हणून आपला माणूस भविष्यात दिसतो, याचे मोल किंग यांना कळले होते. १९७० च्या दशकात याच निकोल्स यांनी स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांनी अंतराळवीर व्हावे म्हणून 'नासा'साठी प्रचार केला. मे जेमिसन १९९२ साली अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. आपल्याला त्या भूमिकेतून प्रेरणा मिळाली, असे तिने सांगितले आहे. एका अभिनेत्रीने जागा सोडली नाही, त्याचे हे फळ!

याच मालिकेच्या 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या शाखेत एव्हरी ब्रूक्स हा कृष्णवर्णीय नट नायक झाला आणि सूरही अधिक गंभीर झाला. १९९८ च्या एका भागात ब्रूक्स यांनी १९५० च्या दशकातील न्यूयॉर्कमधला कृष्णवर्णीय विज्ञानलेखक उभा केला. त्याच्या कथेचा नायक कृष्णवर्णीय असतो, म्हणून मालक मासिकाचा सबंध अंक रद्द करतो आणि लेखकाला कामावरून काढतो. ज्याला वर्तमानात माणूस मानायचे नाही, त्याला भविष्यातही जागा द्यायची नाही, हा डाव त्या भागाने उघडा पाडला. नुसता नट बदलून हे झाले नसते. नटाबरोबर सूर बदलला, म्हणून झाले.

आपल्याकडे माणसे नव्हती काय? डॉ. जयंत नारळीकर १९३८ साली याच कोल्हापुरात जन्मले. खगोलशास्त्रज्ञ असूनही त्यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, दूरदर्शनवर विश्वाची ओळख करून दिली आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसोबत फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणीही घेतली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या कथांतला शास्त्रज्ञ शंका घेतो आणि पुरावा मागतो. असा नायक घरोघरी पोहोचला असता, तर आज चित्र वेगळे दिसले असते.

संविधानाच्या अनुच्छेद ५१क (ज) ने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. मालिका काढणारा निर्मातासुद्धा नागरिकच असतो. या कर्तव्यासाठी कोणाला कोर्टात खेचता येत नाही, हे आम्ही वकील म्हणून जाणतो. पण प्रेक्षक म्हणून जाब विचारण्यास कोणताही कायदा आड येत नाही. तेव्हा नवा शक्तिमान येईल त्या दिवशी नटाचे नाव जरूर विचारा. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारा : त्याची शक्ती कोठून येते आणि त्याचे आडनाव काय आहे?

आणि आपल्या वस्तीतल्या लिहित्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे : दुसऱ्याच्या मालिकेत भूमिका मागत बसू नका. प्रयोगशाळेत काम करणारी, प्रश्न विचारणारी आणि कांबळे हे आडनाव ताठ मानेने सांगणारी नायिका तुम्हीच लिहा.