जुन्या मोटारींची ताकद ठरविणारी नळी

जुन्या मोटारीची थोरवी सांगताना सिलिंडरांची संख्या आणि इंजिनाचे आकारमान यांचा उल्लेख हमखास होतो. कार्ब्युरेटरमधील हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणारे इनटेक मॅनिफोल्ड मात्र दुर्लक्षित राहते. प्रत्यक्षात त्यातील नळ्यांची लांबी, रुंदी आणि वळणे इंजिनाचा स्वभावच ठरवतात.

झडप मिटताच वेगाने येणारी हवा अडते आणि तेथे दाब वाढतो. या दाबाची लहर ध्वनीच्या वेगाने नळीत ये-जा करते. झडप पुन्हा उघडताना ती नेमकी तेथे पोहोचली, तर सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण शिरते. लांब नळीत लहरीला परतण्यास अधिक वेळ लागतो. त्यामुळे तिचा लाभ कमी फेऱ्यांवर, तर आखूड नळीचा लाभ अधिक फेऱ्यांवर मिळतो.

अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० च्या ‘३००-एफ’ मोटारीत हेच तत्त्व वापरले. सुमारे ६.८ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनावर सुमारे ३० इंच लांबीच्या नळ्या बसविण्यात आल्या. ३७५ अश्वशक्तीच्या या इंजिनाचा कमाल टॉर्क मिनिटाला २,८०० फेऱ्यांवर मिळे. दुसऱ्या आवृत्तीत नळ्यांमधील आतल्या भिंतींचा काही भाग काढून त्यांची परिणामकारक लांबी निम्मी करण्यात आली. इतर काही बदलांसह तिची शक्ती ४०० अश्वशक्तीवर गेली. मात्र कमाल टॉर्क घटला आणि त्यासाठी ३,६०० फेरे गाठावे लागत.

भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेल्या अॅम्बेसेडरच्या १,४८९ घन सेंटिमीटर इंजिनात उद्दिष्ट वेगळे होते. त्यात चार सिलिंडरांना मिश्रण घेण्यासाठी दोनच वाटा होत्या. प्रत्येक वाटेवरील दोन सिलिंडर लागोपाठ मिश्रण ओढत आणि नंतर दीर्घ खंड पडे. त्यामुळे दोघांना समान वाटा मिळणे कठीण होई. पण रचना साधी, स्वस्त आणि दुरुस्तीस सोपी होती.

नळीच्या रुंदीलाही मर्यादा आहे. फार रुंद नळीत कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचे थेंब भिंतींवर साचतात आणि इंजिन अडखळते. फार अरुंद नळी अधिक फेऱ्यांवर श्वास कोंडते.

म्हणूनच जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन करताना केवळ अधिक अश्वशक्तीच्या मोहाने मूळ मॅनिफोल्ड बदलणे महागात पडू शकते. कागदावरील आकडा वाढतो. परंतु चढावर आणि गर्दीत लागणारी ताकद हरवण्याचा धोका असतो.