प्रोलॉगमधील घोषणा व उद्दिष्टे : स्थानदोषातून उद्भवणाऱ्या चुका

प्रस्तावना :
इ. स. १९७२ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे आलँ कोल्मरोए व फिलिप रूसेल यांनी ‘प्रोलॉग’ ही तर्काधिष्ठित संगणकीय भाषा विकसित केली. विधाने व नियम मांडावेत, प्रश्न विचारावा आणि उत्तर यंत्राने शोधावे, ही तिची पद्धती होय. त्यामुळे ओळींचा क्रम गौण आहे, असा विद्यार्थ्यांचा सहज समज होतो. तो अपुरा आहे.

उद्दिष्टाचे स्थान :
नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. ही माहिती ‘कार्यक्षेत्र(नांदेड).’, ‘कार्यक्षेत्र(लातूर).’ अशा चार विधानांनी लिहिता येते. जिल्हे मोजण्याचे उद्दिष्ट फाईलच्या आरंभीच लिहिल्यास असे विधेय अस्तित्वात नाही, अशी तक्रार यंत्र करते. ही चूक लगेच सापडते. परंतु तेच उद्दिष्ट दुसऱ्या विधानानंतर आले, तर फाईल वाचली जात असतानाच ते अमलात येते आणि उत्तर ‘दोन’ मिळते. परभणी व हिंगोली गळाले, हे उत्तरावरून कळत नाही. प्रारंभ-घोषणेत गुंफलेले उद्दिष्ट मात्र संपूर्ण फाईल वाचून झाल्यावरच चालते.

घोषणांचे स्थान :
बोरलँड कंपनीच्या १९८६ मधील टर्बो प्रोलॉगमध्ये क्षेत्रे, विधेये, विधाने व उद्दिष्ट यांचे स्वतंत्र विभाग होते. त्या सवयीने विभागांची नावे प्रमाण प्रोलॉगमध्ये लिहिल्यास व्याकरणदोष दाखविला जातो. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार एखादे विधेय परिवर्तनीय असल्याची, अथवा त्याची विधाने विखुरलेली असल्याची घोषणा त्या विधेयाच्या पहिल्या विधानापूर्वीच यावी लागते.

उद्दिष्टांचा परस्परक्रम :
तर्कशास्त्रात ‘अ आणि ब’ व ‘ब आणि अ’ समान असतात. प्रोलॉग मात्र डावीकडून उजवीकडे जाते. ‘तालुका(कंधार, नांदेड).’ व ‘तालुका(उदगीर, लातूर).’ ही दोन विधाने घ्यावीत. (देवनागरीत मोठ्या-लहान अक्षरांचा भेद नसल्याने एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्ये चलाचा आरंभ अधोरेषेने करावा लागतो.) लातूर जिल्ह्याबाहेरील तालुका शोधताना ‘\+ तालुका(_त, लातूर), तालुका(_त, _).’ असे लिहिल्यास नकार तपासताना चल मोकळाच असतो. यंत्रास उदगीर सापडते, नकार फसतो आणि उत्तर ‘नाही’ येते. दोन्ही उद्दिष्टांची अदलाबदल केल्यास आधी कंधार हाती लागते, मग नकार तपासला जातो व कंधार हे योग्य उत्तर मिळते. मूल्य न लाभलेल्या चलावर गणित केल्यास यंत्र निदान तक्रार करते. येथे तेही घडत नाही.