न जुळणारी रेघ

सही जुळत नाही म्हणून माझाच चेक परत आला, त्या दिवशी हसावे की रडावे हेच मला कळेना. चौतीस वर्षे मी बँकेत काढली. त्यातली निम्मी तरी काउंटरच्या आतल्या बाजूला, लोकांच्या सह्या नमुना सहीशी ताडून पाहण्यात गेली. पेन्शनला आलेल्या किती म्हाताऱ्या माणसांना मी 'आजोबा, पुन्हा करा' असे सुनावले असेल, त्याचा हिशेब कुठल्याच लेजरात नाही. एका आजींनी तर एका स्लिपच्या मागे पाच वेळा सही केली होती आणि पाचवी पहिलीपेक्षा वाकडी आली होती. आता काउंटरच्या बाहेर मी उभा होतो आणि आतला तरुण मला तेच वाक्य तितक्याच अदबीने ऐकवत होता. चूक त्याची नव्हती. गेल्या दोन वर्षांत माझा उजवा हात कापू लागला आहे.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, वयाबरोबर येतो तसला कंप आहे, घाबरू नका. मी घाबरलो नाही. पण गप्प झालो. आयुष्यभर कादंबऱ्या हाताने लिहिल्या. आता चार माणसांदेखत पेन उचलायचीही लाज वाटू लागली. खारेपाटणच्या घरी पडवीत बसून समोरच्या खळ्याकडे पाहत राहायचे, एवढाच उद्योग उरला.

त्या खळ्यात आमची सौ. रोज सकाळी तुळशीपुढे रांगोळी काढते. चाळीस वर्षे काढते आहे. मी कधी नीट पाहिली नव्हती. एका सकाळी तिची रेघ घसरली. मला वाटले, पुसेल. तिने त्या घसरलेल्या रेघेचे पान केले आणि ती पुढे गेली. मी विचारले, "पुसली का नाहीस?" ती म्हणाली, "अहो, उद्या केर काढताना जायचीच आहे ती. तिच्यासाठी एवढे काय?"

चाळीस वर्षांची सवय आणि तिच्यामागे एवढेसे तत्त्वज्ञान! पण ते माझ्या मनात घर करून बसले. दुसऱ्या दिवशी नातीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली, खिशातले बॉलपेन काढले आणि समोरची चहाची किटली काढली. शेजारचे आजोबा डोकावले आणि कौतुकाने म्हणाले, "कोंबो बरो काढलात!" मी मनापासून हसलो. त्या पावतीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

चित्रकलेशी माझे वैर जुने. लहानपणी पाटीवर घोडे, होड्या, देवचार काय वाटेल ते काढायचो. मग शाळेत एलिमेंटरीची परीक्षा आली. कला संचालनालयाच्या त्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती असे पेपर असत. त्या पेपरांनी अनेकांचे हात घडवले, हे खरेच. माझा मात्र घाबरला. तांब्याच्या दोन्ही बाजू सारख्या येईनात. मी नापास झालो आणि 'आपल्याला चित्र येत नाही' असा शेरा स्वतःच मारून पेन्सिल ठेवली, ती थेट पन्नास वर्षांनी हाती घेतली. आज वाटते, तांब्या काय आणि सही काय, दोन्हीकडे मी एका नमुन्याशी जुळायला धडपडत होतो. बँकेत नमुना हवाच. नाहीतर लोकांचे पैसे बुडतील. पण किटलीच्या चित्राला नमुना सही कशाला?

आपल्या शेजारच्या गोव्यात याचे सुंदर उदाहरण आहे. १९२६ साली जन्मलेले मारियो मिरांडा लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रे काढत. आईने रागावण्याऐवजी एक कोरी वही हातात दिली. पुढे तरुणपणी ते रोज चित्रांची डायरी ठेवू लागले : गावातली लग्ने, गप्पा, पाद्री, शेजारी, कुत्री, स्वतःची फजिती. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या त्यांच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. मारियोंनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. पदवी इतिहासाची! आपण मारियो होणार नाही, हे उघड आहे. पण त्या डायऱ्या काढणाऱ्या मुलालाही आपण 'मारियो' होणार हे कुठे ठाऊक होते? त्याला दिवस नोंदवायची हौस होती, एवढेच.

आणि वयाचे म्हणाल, तर रवींद्रनाथ टागोर साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले. हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून त्यांना आकार दिसू लागले. १९३० साली पॅरिसला प्रदर्शन भरले. खाडाखोड तर माझ्याही हस्तलिखितांत भरपूर आहे. प्रदर्शनाचा मात्र विचार नाही.

माझी पद्धत सांगतो. पटली तर घ्या. वेळ सकाळच्या चहानंतरची, दहा मिनिटे. वही लहान, शंभर पानी. बॉलपेनच, म्हणजे खोडरबराचा मोह नको. विषय शोधायचा नाही; समोर असेल ते काढायचे : चप्पल, विळी, फणसाची आठळी. कोपऱ्यात तारीख घालायची आणि वही मिटायची. आदल्या दिवसाचे पान उलटून पाहायचे नाही. एखादा दिवस चुकला, तर चुकला. दुसऱ्या दिवशी दोन चित्रे काढून थकबाकी भरायची नाही. बँकेतल्या रोजकीर्दीत पैशाचा फरक पडला तर आम्ही रात्री उशिरापर्यंत बसत असू. ही रोजकीर्द जुळवायचीच नाही, यातच तिची गंमत आहे.

पावसाळ्यात आमच्या नदीला पूर आला की पाणी बाजारपेठेत शिरते. परवा पाणी चढू लागले, तेव्हा फळ्यांवर उचलून ठेवलेली पोती मी दुरून काढली. कापऱ्या हाताने पाण्याच्या रेघा जितक्या खऱ्या उतरल्या, तितक्या स्थिर हाताने कदाचित उतरल्या नसत्या. कंप गेला, असे मात्र समजू नका. तो आहे. पण आता त्याच्यासमोर पेन उचलायची लाज वाटत नाही.

याच खारेपाटणात शिलाहार राजा रट्टराजाचा इ. स. १००८ चा ताम्रपट मिळाला. तांब्यावर अक्षरे कोरणाऱ्या त्या कारागिराचा हात हजार वर्षे टिकला. तसले काम करणारे हात वेगळे. आमच्या खळ्यातली रांगोळी उद्याच्या केरात जाते आणि परवा पुन्हा तिथेच उमटते. माझ्या वहीला मी या दुसऱ्या घराण्यात घातले आहे.

गेल्या महिन्यात बँकेत जाऊन मी नवी नमुना सही दिली. तीनदा करायला सांगितली. तिन्ही वेगळ्या आल्या. तो तरुण अवघडला. कसे सांगावे, हे त्याला कळेना. मला त्या पाच सह्या करणाऱ्या आजी आठवल्या. मीच म्हटले, "घाई नाही, बाळा. पुन्हा करतो." चौथी सही मी किटली काढतो तशी काढली, हळू आणि कंप न लपवता. ती त्याने ठेवून घेतली.

आज सकाळी पुन्हा किटलीच काढली. अजून कोंबडाच दिसतो.