विचर्चिकेतील कंडू : खाजविणाऱ्या हाताची चिकित्सा

विचर्चिकेचा रुग्ण चट्ट्यापेक्षा खाजेने अधिक पीडित असतो. चरकाचार्यांनी या व्याधीत कंडू, श्याव पिडका व बहुस्राव वर्णिला. सुश्रुताचार्यांनी रूक्षता व अतिकंडू. स्वरूप भिन्न असले तरी कंडू दोन्हीकडे आहे. आपण मात्र काढा लिहून देतो आणि ‘खाजवू नका’ एवढे सांगून रुग्णाची बोळवण करतो. हा उपदेश बहुधा निष्फळ ठरतो, कारण पुष्कळसे खाजविणे रुग्णाच्या नकळत, विशेषतः झोपेत घडते.

नखांनी त्वचेचे आवरण फाटते, दाह वाढतो, दाहाने पुन्हा कंडू उत्पन्न होतो. कालांतराने त्वचा जाड व काळपट होते. लक्षण स्वतःच हेतू बनते. निदानपरिवर्जनास अग्रस्थान देणाऱ्या शास्त्राने नखांची गणना हेतूंमध्ये करावयास हवी.

भातकुली परिसर पूर्णाखोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून तो अधिक चोळला जातो व त्वचेची स्निग्धता हरपते. त्यातच हिवाळ्यात कापूसवेचणी येते आणि वाळलेल्या बोंडांनी हातांना ओरखडे पडतात. चेहरा, मान व कोपराच्या खळग्यांत, पावसाळ्यात वाढणारे चट्टे असतील तर धुऱ्यावरील गाजरगवताचा संशय घ्यावा. ते उपटण्याचे काम रुग्णाकडे देऊ नये. बोटांच्या बेचक्यांत पुरळ असून घरातील इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, तर ती खरूज समजावी व सर्व कुटुंबाची एकाच वेळी चिकित्सा करावी.

स्राव असता उकळून गार केलेल्या सौम्य कषायाच्या ओल्या घड्या ठेवाव्यात. चरकोक्त कंडूघ्न गणात निंब, करंज, दारुहरिद्रा आहेत. परंतु तीव्र काढ्याने भेगाळलेली त्वचा अधिकच झोंबते, हे ध्यानी असावे. रूक्ष अवस्थेत कोमट पाण्याने अल्पकाळ स्नान, साबण जवळजवळ वर्ज्य, आणि अंग ओलसर असतानाच स्नेह लावावा.

आता हाताविषयी. स्वीडनमधील नोरेन व मेलिन यांनी १९८९ साली बाह्य औषधासोबत सवय बदलण्याची पद्धत अभ्यासिली. तिचा आशय सोपा आहे : हात खाजेकडे वळताच मूठ अर्धा मिनिट घट्ट आवळावी, नंतर त्या जागी तळवा दाबून धरावा. प्रथम आठवडाभर केवळ मोजणी करावी. शेतमजूर स्त्रियांना मी तुरीचे दाणे एका डबीतून दुसरीत टाकावयास सांगतो; संध्याकाळची डबी पाहून त्या स्वतःच चकित होतात. नखे वरचेवर कापावीत, लहान मुलांना रात्री सुती हातमोजे घालावेत.

सर्वांत नाजूक प्रसंग स्टेरॉइड मलमाचा. २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवरच देण्याचा नियम झाला, तरी दुकानातून आणलेली नळी रुग्णाच्या पिशवीत सापडतेच. दद्रूवर ती लावल्यास रोग झाकला जाऊन पसरतो. उलट, त्वचारोगतज्ज्ञाने योग्य निदानाने दिलेले मलम आपल्या अभिमानापोटी एकाएकी बंद करविणे हाही अपराधच. दीर्घ वापरानंतर तसे केल्यास व्याधी उसळू शकतो. ते त्या तज्ज्ञाशी बोलूनच कमी करावे. ताप, पिवळा पू, वेगाने पसरणारी लाली किंवा वेदनायुक्त बारीक फोडांचे पुंजके दिसल्यास घरगुती लेपात वेळ न दवडता रुग्णास त्याच दिवशी अमरावतीस रुग्णालयात धाडावे.