कानाच्या मापाचा हेडफोन : किंमत लाखाची, उपयोग कोणाला?

पिंपळी (ता. बारामती) - संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून ज्या रस्त्याने काटेवाडीकडे निघते, त्याच रस्त्यावर पिंपळी आहे. वारीचे दिवस सोडले तर या रस्त्यावरचा आवाज म्हणजे एसटीचे इंजिन, उसाचे ट्रॅक्टर आणि हॉर्न. तो आवाज टाळण्यासाठी शिक्षण वा नोकरीनिमित्त बारामतीला आणि तेथून पुण्याला जाणारा तरुण गाडीत बसताक्षणी कानात हेडफोन घालतो. दोन-तीनशे रुपयांचा हेडफोन पुरेना, म्हणून दोन-तीन हजारांचा घेतो. तोही निसटू लागला, की त्याची नजर खास स्वतःच्या कानाच्या मापाने घडविलेल्या हेडफोनकडे वळते. याची किंमत साधारण तीस-चाळीस हजार रुपयांपासून सुरू होते आणि दोन लाखांच्याही पुढे जाते. उत्तम दुचाकीच्या भावात मिळणारी ही वस्तू खरोखरच त्या किमतीची असते काय?

रंगमंचावर गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंतासाठी बहुधा होय; बसमध्ये बसून गाणी ऐकणाऱ्यासाठी बहुधा नाही, असे याचे उत्तर आहे. मात्र तसे का, हे समजून घेतल्यास पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत, हेही कळते.

या वस्तूचा जन्मच मुळी श्रोत्यासाठी झालेला नाही. जत्रेतला तमाशा असो वा गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, गायकासमोर त्याच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर आपण पाहिलेले असतात. वादकांच्या गदारोळात गायकाला स्वतःचा सूर ऐकू यावा, यासाठी ते असतात. पण ढोलकीवाल्याने जोर केला, की गायक स्वतःचा आवाज वाढवून मागतो. मग हार्मोनियमवाला मागतो. अखेरीस माइक शिट्टी मारू लागतो. अमेरिकेतील व्हॅन हेलन या रॉक वाद्यवृंदाचा ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन याच अडचणीत होता. त्याच्यासाठी ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी याने १९९५ च्या सुमारास कानाच्या मापाचे हेडफोन तयार केले आणि त्यातूनच ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. पुढे २००८ मध्ये ती लॉजिटेकने विकत घेतली.

गंमत अशी, की यातील तंत्र संगीताच्या दुनियेतून आलेले नाही, ते श्रवणयंत्रांतून आलेले आहे. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या डबीत चुंबकांच्या मधोमध धातूची एक पत्ती असते. तिच्याभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून ध्वनीचा विद्युतप्रवाह वाहिला, की पत्ती थरथरते आणि आवाज उमटतो. बहिऱ्या माणसाच्या कानामागे मावावे म्हणून घडविलेला हा चिमुकला स्पीकर नंतर संगीतासाठी वापरला गेला. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातच उभ्या राहिलेल्या ‘एटिमोटिक’ या कंपनीने १९९१ मध्ये असा हेडफोन बाजारात आणला, तोही मापाचा नव्हे, तर कोणाच्याही कानात बसेल अशा रबरी टोपीचा. ही नोंद लक्षात ठेवावी, कारण पुढच्या हिशेबात ती महत्त्वाची आहे.

माप घेण्याची रीत पाहण्यासारखी आहे. प्रौढ माणसाची कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिला दोन वळणे असतात. श्रवणतज्ज्ञ प्रथम कानात दिवा घालून मळ साचला आहे का, पडद्याला छिद्र आहे का, हे पाहतो. मग दोरा बांधलेला स्पंजाचा छोटा तुकडा दुसऱ्या वळणापलीकडे सरकवितो, म्हणजे पुढचे द्रव्य पडद्यापर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर पिचकारीने मऊ सिलिकॉन भरले जाते. चार-पाच मिनिटांत ते घट्ट होते आणि कानाची हुबेहूब प्रतिकृती बाहेर येते. जबडा हलला, की कर्णनलिकेचा आकारही बदलतो. त्यामुळे गायकाचे माप तोंड उघडे ठेवून घेतात, नाही तर तान घेताना हेडफोन सैल पडायचा! ही प्रतिकृती संगणकाने टिपून तिच्यावरून ॲक्रिलिकचे कवच तयार होते. हे काम घरी, कोणा मित्राकडून किंवा मोबाइलवरील चित्रफीत पाहून करू नये. सिलिकॉन खोलवर अडकून पडद्याला इजा झाल्यास शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

एवढे करून हाती काय लागते? मुख्यतः एकच गोष्ट, ती म्हणजे कान हवाबंद होणे. हेडफोन आणि कर्णनलिका यांच्यात केसाएवढी फट राहिली, तरी खर्जाचा आवाज गळून जातो. तबल्याचा डग्गा पोकळ वाटू लागतो. ‘हेडफोनमध्ये बेस नाही’ ही तक्रार पुष्कळदा हेडफोनची नसून फटीची असते. कान नीट बंद झाला, की डग्गा भरीव ऐकू येतो आणि बाहेरचा गोंगाटही थांबतो. मापाच्या हेडफोनचे उत्पादक साधारण २० ते २६ डेसिबल गोंगाट अडविल्याचे सांगतात. पण चांगल्या प्रतीची, दाबून घातल्यावर फुगणारी फोमची टोपी साध्या हेडफोनला लावली आणि ती योग्य आकाराची असली, तर तीही जवळपास तेवढेच काम करते. कानात खोल जाणारी तीन पाकळ्यांची टोपी तर कधी कधी अधिक करते. तिची किंमत काहीशे रुपये. हेडफोनच्या डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्यांच्या जोड्या येतात. बहुतेक जण त्यांतली मधली लावतात आणि उरलेल्या डब्यासकट फेकून देतात. दोन कानांचे माप सारखेच असते असे नाही, हेही अनेकांच्या गावी नसते.

आता आवाजाच्या दर्जाविषयी. महाग ते चांगले, ही आपली समजूत सोन्याच्या बाबतीत खरी असेल. हेडफोनच्या बाबतीत ती तपासून पाहण्यात आली आहे. जेरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये एका अमेरिकी ध्वनिशास्त्रविषयक नियतकालिकात २८३ हेडफोनच्या मोजण्या प्रसिद्ध केल्या. खर्ज ते तार अशा सर्व पट्ट्यांत हेडफोन आवाज कसा देतो आणि बाजारात त्याची किंमत काय, यांचा परस्परांशी काहीही संबंध त्यांना आढळला नाही. कानात किती स्पीकर बसविले, सहा की बारा, याचीही जाहिरातींत मोठी चढाओढ असते. स्पीकर वाढले म्हणजे सूर शुद्ध होतोच असे नाही. ते एकमेकांशी कसे जुळविले, यावर सारे अवलंबून असते. दीड-दोन हजार रुपयांत मिळणारे काही हेडफोन आज या बाबतीत चकित करतात.

मग कलावंताने लाख रुपये का मोजावेत? कारण तो तीन-तीन तास घामाघूम होऊन नाचतो-गातो. टोपी निसटली तर भर कार्यक्रमात सूर हरवतो. कवच त्याच्या कानात घट्ट राहते, रुतत नाही आणि प्रत्येक प्रयोगात अगदी तसेच बसते. त्याच्या दृष्टीने ते कारागिराचे हत्यार आहे आणि हत्याराचा खर्च मिळकतीतून वसूल होतो. हौशी श्रोत्याचे तसे नाही. मापाचा हेडफोन दुसऱ्याला विकता येत नाही, कारण दुसऱ्याचा कान वेगळा. माप चुकले तर कवच परत पाठवून दुरुस्त करून घ्यावे लागते आणि परदेशी कंपनी असल्यास त्यात आठवडे जातात. वजन कमी-जास्त झाले, वय वाढले, की कानही बदलतो; वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर हा खर्च करूच नये. शिवाय कान पूर्ण बंद झाल्यावर स्वतःचे चावणे, पावलांचे ठोके आणि स्वतःचाच आवाज डोक्यात घुमू लागतो. काहींना ते अजिबात सहन होत नाही. आणि ऊस गाळपाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागून येत असताना इंदापूर रस्त्यावर असे कान बंद करून चालणे किंवा दुचाकी चालविणे हा शुद्ध वेडेपणा होय.

तरीही कान बंद करण्याला एक मोल आहे आणि ते संगीताच्या आनंदापेक्षा मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज तीन डेसिबलने वाढला, की ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ ला वीस तास, ८६ ला दहा आणि ८९ ला अवघे पाच तास. बारामती ते पुणे हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. एसटीने जाऊन-येऊन पाच तास सहज जातात. खिडक्या खडखडणाऱ्या गाडीत सैल हेडफोन लावणारा प्रवासी इंजिनवर मात करण्यासाठी आवाज वाढवीत नेतो आणि ८९ डेसिबल गाठणे त्याला मुळीच अवघड नसते. म्हणजे एका फेरीत त्याच्या कानांचा आठवड्याचा शिधा संपतो. तेच गाणे नीट बसणाऱ्या टोपीतून ७७ डेसिबलवर ऐकले, तर मुदत ८० तासांवर जाते. यासाठी लाख रुपये लागत नाहीत. इंजिनाची घरघर विद्युत उपायाने पुसणारे गोंगाटरोधक हेडफोनही या कामी चांगले, कारण खर्जाचा सलग आवाज ते विशेषकरून कमी करतात.

मापाच्या साच्यावर श्रोत्याने पैसे घालायचेच असतील, तर हेडफोनपेक्षा कर्णरक्षकावर घालावेत, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. पुण्यातील ढोल-ताशा पथकांतील मुले-मुली गणपतीच्या कितीतरी आठवडे आधीपासून रोज सराव करतात. ताशाच्या शेजारी १०० डेसिबल ही सामान्य गोष्ट आहे आणि त्या पातळीला वरील हिशेबाने आठवड्याची मर्यादा वीस-पंचवीस मिनिटांची. कापसाचा बोळा घातला तर ताल गढूळ ऐकू येतो, म्हणून वादक तो काढून टाकतात. याच अडचणीवर एटिमोटिकने १९८८ मध्ये एक चाळणी काढली. कानाच्या मापाच्या साच्यात ती बसविली, की सर्व पट्ट्यांतील आवाज सारख्याच प्रमाणात, सुमारे १५ डेसिबलने, खाली येतो. ताल स्पष्ट राहतो आणि वीस मिनिटांची मुदत साडेबारा तासांवर जाते.

याच साच्याची सर्वांत निकडीची गरज ज्यांना आहे, ते मात्र जाहिरातीत कुठेच दिसत नाहीत. गावोगावच्या घरांत एखाद्या आजोबांचे श्रवणयंत्र कपाटात पडलेले आढळते. ‘शिट्टी वाजते म्हणून काढून ठेवले’, असे उत्तर मिळते. ही शिट्टी म्हणजे रंगमंचावरच्या माइकचीच बहीण. साचा सैल झाला, की यंत्रातून निघालेला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा त्याच यंत्राच्या माइकमध्ये शिरतो. यंत्र बिघडलेले नसते. साचा नवा लागतो. असे साचे बनविण्याचे काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेत चालते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्र सरकारी संस्थेत श्रवणदोषाची तपासणीही होते. पुण्यात भारती विद्यापीठाचे श्रवण व वाचाविषयक महाविद्यालय आहे, शिवाय खासगी श्रवणतज्ज्ञ आहेत. माप घेण्याची पद्धत तीच, सिलिकॉन तेच. खर्च मात्र लाखाच्या हेडफोनच्या एका लहानशा अंशाइतका. माप घेणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, एवढे आधी विचारून घ्यावे. कानातून पू येत असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर कान-नाक-घसातज्ज्ञाला दाखविल्याशिवाय माप देऊ नये.